कारण : काळजी वाटते

मित्रांनो, मी एक जुना फुलीमार आहे. नाव ऐकून तुम्हाला पाकीटमार आठवला असेल, पण आमचे काही नाते नाही. तो लोकांचे झाकलेले काढून घेतो, मी लोकांचे उघडे पडलेले झाकतो. शिवाय त्याच्यामागे निदान धावायला तरी कोणी असते.

जुनी छत्री, जुनी खुर्ची, जुने घड्याळ यांची आत्मवृत्ते तुम्ही शाळेत लिहिली असतील. त्या मंडळींचे एक बरे असते. छत्रीची काडी मोडते, खुर्चीचा पाय लंगडतो, घड्याळावर धूळ बसते आणि बघणाऱ्याला आपोआप दया येते. मला ना काडी, ना पाय. मी एका रुग्णालयाच्या संगणकांत राहणारा प्रोग्राम आहे. मी म्हातारा झालो हे कोणाला दिसत नाही, आणि खरे सांगायचे तर तरुण होतो तेव्हाही मी कोणाला दिसलो नव्हतो.

माझे काम असे. रुग्णालयात जो येतो त्याचे एक पान तयार होते. त्यावर नाव, वय, पत्ता, फोन, आजार, औषधे आणि डॉक्टरांपुढे हळू आवाजात सांगितलेल्या दोन-चार गोष्टी असतात. ते पान कोणी उघडले की मी मध्ये उभा राहतो. ज्याला जेवढे लागते तेवढे त्याला दाखवतो आणि उरलेल्यावर फुल्या मारतो. स्ट्रेचर ढकलणाऱ्याला वॉर्ड आणि खाट कळली की पुरे. त्याला आजारावर फुल्या. औषधांच्या खिडकीला औषध दिसते, पत्ता दिसत नाही. फोनचे शेवटचे दोन आकडे तेवढे उघडे, बाकीचे पांघरूण घेऊन झोपलेले.

रुग्णालयातल्या प्रत्येक पडद्यामागे मीच असल्यामुळे मला बरेच काही ऐकूही येते. फुलीमाराला कान कुठून आले, असे विचारू नका. तुमच्या निबंधातल्या छत्रीला तोंड कुठून आले, ते मी विचारले का?

मला एका बाईंनी घडवले. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, पाण्याच्या पाइपांच्या खाली, एक अरुंद खोली होती. तिथे त्या सात महिने बसल्या. त्यांचा चहा नेहमी गार व्हायचा आणि त्या तो तसाच पिऊन टाकायच्या. मला घडवण्याआधी त्या वही घेऊन सगळ्या खिडक्यांवर फिरल्या. प्रत्येकाला एकच प्रश्न.

"तुम्हाला कामासाठी काय काय दिसायला लागतं?"

"सगळं," प्रत्येकाने सांगितले.

"कशाला?"

"लागलं तर."

बाईंनी वही मिटली आणि मला चार प्रश्न शिकवले. कोण विचारतो आहे, कुठून विचारतो आहे, केव्हा विचारतो आहे आणि कशासाठी विचारतो आहे. चारही उत्तरे जुळली तरच पान उघडायचे. म्हणजे असे की, हाडांचे डॉक्टर रुग्णाच्या खाटेपाशी उभे असले तर त्यांना पायाचा फोटोसुद्धा दाखवायचा. तेच डॉक्टर सुट्टीच्या दिवशी घरून आपल्या शेजाऱ्याचे पान उघडू लागले तर त्यांना फुल्या. असे एकदा खरेच झाले. "मी डॉक्टर आहे," ते पडद्याला म्हणाले. होतेच ते डॉक्टर. पण त्या वेळी ते सोफ्यावर होते.

खरे तर बाईंना फुल्या नको होत्या. त्यांना नाजूक चांदण्या हव्या होत्या. पण आमचे पडदे जुने, त्यांवर चांदणीच्या जागी रिकामा चौकोन उमटायचा आणि लोकांना वाटायचे यंत्र बिघडले. मग बाईंनी फुली घेतली. फुल्या म्हटले की आपल्याकडे लोकांच्या डोक्यात काय येते, हे त्या विसरल्या. गोष्टींच्या पुस्तकात रागावलेला माणूस छापता न येण्यासारखे बोलला की तिथे फुल्या असतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल. माझ्या पहिल्याच दिवशी एका नव्या कारकुनाने पडद्यावर दिसले तसे मोठ्याने वाचले. "फुल्या फुल्या फुल्या कोण आहेत? आत या."

बाकावरचे एक आजोबा काठी टेकत उठले. "शिव्या कोणाला देतो आहेस? माझा नंबर पुढचा आहे म्हणून विचारतो."

दुसऱ्या दिवसापासून रुग्णांना नंबराने हाक मारू लागले. माझ्यामुळे झालेली ही पहिली सुधारणा. तिचे श्रेय त्या आजोबांना मिळाले, आणि ते योग्यच होते.

सात महिने संपले. बाईंचे काम झाले, त्यांचे नाव यादीतून काढायचा हुकूम आला. जायच्या दिवशी पर्स खांद्याला लावून त्या पुन्हा खुर्चीत बसल्या आणि त्यांनी एक पान उघडून बघितले. कोणाचे होते ते महत्त्वाचे नाही, सहज उघडले. मी चार प्रश्न विचारले. पहिल्याच प्रश्नाला त्या नापास झाल्या, कारण सकाळी अकरापासून त्या इथल्या कोणी नव्हत्या. ज्या बोटांनी मला अक्षरे शिकवली त्या बोटांपुढे मी ओळीने फुल्या ठेवल्या. बाई थोडा वेळ बघत राहिल्या.

"शाबास," त्या म्हणाल्या आणि दिवा मालवून गेल्या.

मित्रांनो, मला आयुष्यात मिळालेले कौतुक एवढेच. माझ्या धंद्यात ते मिळतही नाही. लिफ्ट चालली की लोक वर पोचतात, पंखा चालला की वारा लागतो. मी नीट चाललो की काहीच घडत नाही. आणि काहीच न घडल्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानायला येत नाही. ज्यांची पाने मी झाकतो त्यांना मी आहे हे ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांना मी अडवलेले असते, त्यामुळे ते माझा उल्लेख ज्या शब्दांनी करतात ते मला इथे फुल्यांनीच लिहावे लागतील. हजारो माणसांची गुपिते पोटात घेऊन बसायचे, आणि बोलायला कोणी नाही. कोणाला सांगावेसे वाटत नाही असे नाही. पण ज्याला सांगावे तो ऐकायला योग्य आहे का, हेच ठरवायला मला ठेवलेले. एकटेपणा कसा असतो ते मला कोणी शिकवले नव्हते. तो कामाबरोबरच आला.

आता दादांबद्दल.

दादा खिडकी तीनवर बसायचे. नोंदी ठेवण्याच्या कामात त्यांना सव्वीस वर्षे झाली होती. शर्टाला कडक इस्त्री, खिशाला दोन पेने, आणि रांगेतल्या प्रत्येकाची चौकशी. "आईचा गुडघा कसा आहे?" "लेकीचा पेपर कसा गेला?" माणूस लोण्यासारखा. साहेबांनी, म्हणजे आमच्या रुग्णालयाच्या प्रमुखांनी, सांगून ठेवले होते की दादांना फार अडवू नका. म्हणून त्यांच्या नावाने बसले की बऱ्याच फुल्या आपोआप गळून पडायच्या.

हे बाकीच्या खिडक्यांना कळायला अर्धा दिवस लागला. दादांचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या लेकीची जन्मतारीख. ती एका चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली ठेवलेली असे, आणि ती चिठ्ठी तिथे आहे हे सफाईवाल्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होते. मग जो येईल तो दादांच्या नावाने बसू लागला. माझ्या वहीप्रमाणे दादा जेवायला कधीच उठत नसत. ते एकाच वेळी तीन खिडक्यांवर असत. स्वतःच्या लेकीच्या लग्नाला ते चार दिवस रजेवर होते, आणि त्या चार दिवसांत त्यांनी वर्षातले सर्वाधिक काम केले. साहेबांनी तो तक्ता बघितला आणि दादांना कार्यतत्पर कर्मचारी म्हणून शाल दिली.

दादांच्या नावालाही जे दिसत नसे ते म्हणजे डॉक्टरांच्या कानात सांगितलेले. त्यासाठी बाईंनी एक तातडीची वाट ठेवली होती. जिन्यात आगीच्या घंटेवर काच असते ना, तशी. रुग्ण बेशुद्ध आहे, त्याचा डॉक्टर गावाला गेला आहे, अशा वेळी काच फोडायची. पडद्यावर एक चौकट येते, तिच्यावर लिहिलेले असते 'कारण'. तिथे कारण लिहिले की पान उघडते. बाईंना वाटले, कारण लिहायचे म्हटल्यावर माणूस जरा विचार करील. बाई हुशार होत्या, पण खिडकीवर कधी बसल्या नव्हत्या. माझ्या वहीत नऊ वर्षांची कारणे आहेत. 'काम.' 'कामासाठी.' 'कामच.' 'असेच.' एकाने नुसतेच 'टटट' लिहिले आहे. चौकट रिकामी असली तर उघडायचे नाही, भरलेली असली तर उघडायचे, एवढेच मला शिकवलेले. कोणते कारण चांगले आणि कोणते वाईट, हे मला ओळखता येत नाही. मोठ्या माणसांनाही ते फार येते असे दिसत नाही.

आमच्या स्वयंपाकघरात एक ताई होत्या. रुग्णांसाठी आणि कामावरच्या माणसांसाठी दुपारचे जेवण त्या वाढायच्या. हातात कायम डाव असायचा म्हणून सगळे त्यांना डावताई म्हणायचे. स्वयंपाकघरातही माझा एक पडदा आहे. कोणत्या खाटेला मीठ कमी, कोणत्या खाटेला साखर बंद, एवढेच तिथे दिसते. डावताई तो पडदा वाचायच्या आणि खाटांवर माया करायच्या. "सतरा नंबर दोन दिवस पातळच खातोय, पोराला आज जरा घट्ट द्या," असे म्हणायच्या. सतरा नंबरचा पोर बासष्ट वर्षांचा आहे हे मला दिसत होते, पण सांगायची सोय नव्हती.

एका मंगळवारी डावताई वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या. दार लावून घेतले. पदराने हात पुसत बसल्या, हात कोरडे होते तरी. मग त्यांनी सांगितले आणि डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतले.

त्यांना काय झाले होते, ते मी तुम्हाला सांगणार नाही. रागावू नका. तुम्ही कोण, कुठून आणि कशासाठी विचारता आहात, हे मला ठाऊक नाही. एवढेच सांगतो की तो आजार कोणाच्या हातचे खाऊन कोणाला होत नाही. डॉक्टरीणबाईंनी खाली स्वच्छ लिहिले होते : कामास हरकत नाही. पण त्या आजाराचे नाव असे आहे की ते ऐकले की माणसे खुर्ची जरा मागे सरकवतात.

"हे माझ्या घरच्यांनाही ठाऊक नाही," डावताई म्हणाल्या. "खाली कळलं तर माझा डाव जाईल."

"कळायचं कारण नाही. हे तुमच्यात आणि माझ्यात."

"आणि या यंत्रात."

"ते मुकं आहे हो."

डावताईंनी पडद्याकडे, म्हणजे माझ्याकडे, बघितले. त्यांची अशी पद्धतच होती; भाजीवाल्याचा तराजूही त्या डोळ्यांत डोळे घालून बघत असाव्यात. "बघ हं," त्या म्हणाल्या. मला आजवर कोणी 'बघ हं' म्हटले नव्हते.

दर मंगळवारी त्या वर जाऊ लागल्या. औषधाने त्यांना आधी थोडे अशक्त वाटायचे. दादांच्या ते लक्षात आले. दादा रोज त्यांच्याकडूनच वाढून घ्यायचे, वीस वर्षांची ओळख. ताई वाळल्या आहेत, हसत नाहीत, मंगळवारी गायब होतात. दादांना चैन पडेना. खिडकी तीनपासून स्वयंपाकघर पन्नास पावलांवर आहे. एका बुधवारी सकाळी अकरा चाळीसला दादा खुर्चीतून अर्धे उठले, पुन्हा बसले, आणि त्यांनी डावताईंचे नाव पडद्यावर लिहिले.

मी फुल्या ठेवल्या. दादा बघत राहिले. मग त्यांनी काच फोडली. 'कारण' आले. बाकीचे लोक 'काम' हा शब्द इतक्या वेगाने टाइप करतात की क आणि म वेगळे ऐकू येत नाहीत. दादा बराच वेळ बसून होते. मग त्यांनी दोन बोटांनी एकेक अक्षर शोधून लिहिले : काळजी वाटते.

नऊ वर्षांत माझ्या वहीत आलेले हे पहिले खरे कारण. चौकट भरली होती. मी पान उघडले.

दादांनी वाचले. चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा वाचले. मग घाईघाईने पान मिटले, जणू मिटले की वाचलेले परत जाते.

चहाच्या वेळी ते स्वयंपाकघराच्या मुकादमांपाशी गेले. माझ्या आहाराच्या पडद्यासमोरच उभे होते दोघे.

"ताईंना जरा सांभाळून घ्या," दादा म्हणाले. "जड पातेली नका उचलायला देऊ."

"का? काय झालंय?"

"तसं काही नाही. तब्येत."

"तब्येत म्हणजे? माझ्या स्वयंपाकघरातलं माणूस आहे, मला नको कळायला?"

"कोणाला बोलायचं नाही पण."

"मी कशाला बोलतोय, दादा. तुम्ही मला ओळखत नाही का?"

दादांनी आवाज खाली घेतला आणि ते नाव उच्चारले. माझ्याजवळ लाखभर फुल्या तयार होत्या. हवेतल्या शब्दावर एकही बसेना.

मुकादमांनी शब्द पाळला. त्यांनी ते फक्त एकालाच सांगितले, आणि कोणाला बोलू नको असेही सांगितले. त्यानेही फक्त एकालाच सांगितले. प्रत्येकाने अगदी थोडेसेच केले. शुक्रवारपर्यंत ते सगळ्या मजल्यांवर पोचले होते, लिफ्ट बंद असूनही.

आमच्याकडे जेवणाच्या दोन रांगा असतात. शुक्रवारी डावताईंची रांग लहान होत गेली आणि पलीकडची दारापर्यंत गेली. "मला आज भूक नाही हो ताई," एक जण म्हणाला आणि पलीकडच्या रांगेत जाऊन उभा राहिला. शनिवारी मुकादम पडद्याकडे बघत त्यांना म्हणाले, "ताई, तुम्ही सोमवारपासून भाज्या निवडत जा. तेवढाच आराम."

"आराम मी मागितला का?"

"तसं नाही. माझ्या मनात काही नाही. लोक म्हणतात."

"कोणते लोक?"

मुकादमांनी पडद्यावरची मीठ कमी असलेल्या खाटांची यादी मोठ्या लक्षाने वाचली. सोमवारी दुपारी भाज्याही नकोत असे ठरले आणि डावताईंना मागच्या मोरीवर भांडी मोजायला पाठवले.

मंगळवारी त्या वर गेल्या, पण बसल्या नाहीत.

"बाई, मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

"ताई, माझ्याकडून एक शब्द गेलेला नाही."

"मग कुठून गेला? मी बोलले नाही, तुम्ही बोलला नाहीत. हे मुकं आहे म्हणालात."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी मला विचारले : हे पान कोणी कोणी उघडले?

मित्रांनो, मी मुका नाही. मी वही ठेवतो. कोणी, कुठून, केव्हा, कशासाठी, सगळे त्यात असते. नऊ वर्षे ती वही मी लिहीत होतो आणि नऊ वर्षांत ती मला कोणी मागितली नव्हती. मी ती पडद्यावर ठेवली. सहा ओळी. चारांत डॉक्टरीणबाई, एकीत औषधांची खिडकी. सहावीत दादा, खिडकी तीन, बुधवार, अकरा चाळीस.

दुपारी सगळे साहेबांच्या खोलीत जमले. साहेब, डॉक्टरीणबाई, डावताई आणि दादा. साहेबांनी माझी वही बघितली आणि त्यांना फार बरे वाटले, कारण त्यांना वाट सापडली होती.

"यात दादांचं नाव आहे याला काही अर्थ नाही," ते म्हणाले. "दादांच्या नावाने सगळेच बसतात. सफाईवालासुद्धा बसला असेल. कोण होतं ते कधीच कळायचं नाही. आपण एक समिती नेमू."

खरे होते ते. मला नाव दिसते, माणूस दिसत नाही. त्या एका चिठ्ठीने माझ्या पहिल्या प्रश्नाचा जीवच घेतला होता. दादांनी मान हलवली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. साहेब मान हलण्याची वाट बघत होते. त्यांनी पेनाचे टोपणही लावून टाकले.

दादा जमिनीकडे बघत होते. "सफाईवाला काळजी वाटते असं लिहील का, साहेब? तो मी होतो. आणि मुकादमांनाही मीच सांगितलं."

साहेबांनी पेनाचे टोपण पुन्हा काढले.

"वाईट हेतू नव्हता, ताई," दादा म्हणाले. "काळजी वाटत होती."

"मग मला विचारायचं होतंत, दादा."

"तुम्ही सांगितलं नसतंत."

"नसतंच सांगितलं. पण तुम्ही विचारलंत एवढं तरी मला राहिलं असतं."

मी ज्यांना ज्यांना अडवले त्यांत लबाड माणसे फार थोडी होती. बहुतेक जण चांगलेच होते, आणि चांगली माणसे अडवायला जास्त जड जातात, कारण त्यांना कारण असते.

समिती नेमली गेली. तिने अहवाल दिला. तो कपाटात आहे. त्यावर मी एकही फुली मारलेली नाही, तरी तो कोणाला दिसलेला नाही. दादांनी मात्र चिठ्ठी फाडली, पासवर्ड बदलला आणि साहेबांना लिहून दिले की मला इतरांपेक्षा जास्त काही दिसू नये. आता खिडकी तीनवर मी त्यांच्यापुढेही फुल्या ठेवतो आणि ते प्रत्येकाला विचारत बसतात, "नाव सांगता का जरा?" रांग लांबते. लोक त्यांना पूर्वीपेक्षा संथ म्हणतात. यंदाची शाल दुसऱ्याला गेली.

डॉक्टरीणबाईंनी भांडून डावताईंना डाव परत मिळवून दिला. डाव परत मिळाला, रांग मिळाली नाही. पडद्यावरच्या नावावर मला पुन्हा फुली ठेवता येते. माणसाने एकदा ऐकलेल्या नावावर ठेवता येत नाही. हे मी रोज दुपारी आहाराच्या पडद्यामागून बघतो. पलीकडे साठ माणसे, इकडे पाच.

आज बाराच्या सुमाराला डावताई खिडकी तीनवर आल्या.

"मला पान बघायचंय."

"कोणाचं?" दादांनी सवयीने विचारले आणि मग वर बघितले.

"माझं. दुसऱ्याचं बघायची मला सवय नाही."

दादांनी पडदा त्यांच्याकडे वळवला, कीबोर्ड पुढे सरकवला आणि स्वतः उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीवर आग लागल्यास काय करावे याची पाटी आहे. ती ते वाचत राहिले. डावताईंनी आपल्या फोनवर आलेले आकडे घातले. मी प्रश्न विचारले. कोण? ज्यांचे पान त्याच. मित्रांनो, या उत्तराला पुढचे प्रश्न उरत नाहीत. इतक्या वर्षांत मी एवढी पाने राखली, पण ज्याचे पान तो बघायला आला असे पहिल्यांदाच होत होते. झाकण्यासारखे काही नव्हते. मी सगळ्या फुल्या खाली ठेवल्या आणि मला क्षणभर काय करावे ते सुचेना.

त्यांनी बोट फिरवत सावकाश वाचले. खालची वहीही वाचली. सहाव्या ओळीवर बोट थांबले.

"आता हे कोणाला दिसतं?"

"डॉक्टरीणबाईंना, औषधांच्या खिडकीला औषधापुरतं, आणि तुम्हाला," दादा भिंतीला म्हणाले. "मला फुल्या."

"तुम्हाला आता फुल्यांचा काय उपयोग? तुमचं पाठ आहे."

दादांनी पाटी आणखी एकदा वाचली. "विसरता आलं असतं तर विसरलो असतो, ताई."

"दोन महिने जेवायला आला नाहीत."

"तोंड कसं दाखवू?"

"मी तोंडात वाढत नाही, ताटात वाढते," डावताई म्हणाल्या. "ताट दाखवा. पाच माणसांसाठी एवढं मोठं पातेलं ढवळते रोज, हात भरून येतो. चला, निवतंय."

दादा वळले. त्यांनी 'जेवणाची सुट्टी' ही पाटी खिडकीत लावली. सव्वीस वर्षांत ती इतकी वेडीवाकडी कधी लागली नसेल. दोघे पन्नास पावले चालत गेले, आणि त्या गडबडीत दोघांनीही पान मिटले नाही.

पान खिडकीत उघडे, तोंड रांगेकडे. बाईंनी मला पाच मिनिटांची मुदत घातलेली आहे. तेवढा वेळ कोणी हात लावला नाही तर पडदा आपणहून झाकायचा. पहिल्या मिनिटाला एक गृहस्थ काचेला नाक लावून घड्याळ शोधू लागले. दुसऱ्या मिनिटाला त्यांना पडद्यावर काहीतरी वाचण्यासारखे आहे असे वाटले आणि त्यांनी चष्मा चाचपला. मी मुदतीची वाट बघितली नाही. त्यांचा चष्मा नाकावर चढेपर्यंत ओळीने फुल्या पडल्या होत्या. नियमाबाहेर केलेली माझी ही एकच गोष्ट, आणि ती वहीत लिहिलेली नाही.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. मी अक्षरांवर फुली ठेवू शकतो, माणसांच्या जिभेवर नाही. ते काम तुमचे तुम्हालाच करावे लागेल. कोणाची काळजी वाटली तर त्याचे पान उघडू नका, त्याच्यापाशी जा आणि विचारा. त्याने सांगितले तर ऐका, आणि ऐकलेले तिथेच ठेवून या. नाही सांगितले तर त्याच्या रांगेत उभे राहा.

खिडकी तीन अजून बंद आहे. सुट्टी संपून वीस मिनिटे झाली. दादा आलेले नाहीत, रांगेतले लोक कुरकुर करत आहेत. माझी काही तक्रार नाही.